घराचा मीटर ‘स्मार्ट’ होताना: शेतकरी कुटुंबाने काय तपासावे आणि काय मागावे

वरवे बुद्रुक आणि शिवगंगा खोऱ्यातील गावांत पीकपाण्याच्या बैठका घेताना करपा आणि खोडकिडीइतकाच आणखी एक प्रश्न आता हमखास येतो: घराचा मीटर बदलू द्यायचा की नाही? पुणे-सातारा महामार्गालगतच्या घरांत हा प्रश्न आहे, तसा हिर्डस मावळातील आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवरही आहे. कोणी म्हणते बिल दुप्पट होते, कोणी म्हणते पैसे संपले की रात्री अंधार होतो, कोणी म्हणते उद्या हाच मीटर विहिरीवरच्या मोटारीला लागणार.

या शंकांपैकी काही निराधार आहेत, काही अर्धवट खऱ्या आहेत, तर काही पूर्ण रास्त आहेत. शेतकऱ्याच्या घरगुती मीटरवर फक्त दिवे आणि पंखे चालत नाहीत. गोठ्यातले दिवे, कडबाकुट्टी, पाण्याची छोटी मोटार, घरघंटी हे सगळे बहुतेक ठिकाणी त्याच मीटरवर असते. म्हणून हा विषय शेतीच्या खर्चाचाही आहे.

शेतीपंपाला हा मीटर लागणार का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने १७ ऑगस्ट २०२१ रोजी जी अधिसूचना काढली, तिच्यात शेती ग्राहक वगळून इतर ग्राहकांना प्रीपेड पद्धतीचे स्मार्ट मीटर देण्याचे वेळापत्रक आहे. म्हणजे शेतीपंपाचे वैयक्तिक मीटर या कार्यक्रमात नाहीत. शेतीच्या बाबतीत मोजणी व्हायची आहे ती फीडरची आणि रोहित्राची.

राज्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू आहे आणि तिची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे. घरचा मीटर बदलल्याने या सवलतीवर काही परिणाम होत नाही. पंपाची जोडणी आणि घराची जोडणी यांचे ग्राहक क्रमांक वेगळे असतात.

याच अधिसूचनेतील दुसरी अट डोंगरी भागासाठी महत्त्वाची आहे. स्मार्ट मीटरची सक्ती संपर्क नेटवर्क असलेल्या भागापुरती आहे. जिथे मोबाइलची रेंजच येत नाही, त्या वस्तीसाठी वेगळी सोय करण्याची मुभा राज्याच्या वीज नियामक आयोगाला दिली आहे. तुमच्या वाडीत रेंज नसेल, तर हा मुद्दा लेखी मांडायला हरकत नाही.

योजना कुठून आली आणि खर्च कोणाचा?

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये ‘सुधारित वितरण क्षेत्र योजना’ मंजूर केली. वीजगळती कमी करणे आणि वसुली सुधारणे हा तिचा उद्देश. तिच्यात देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट होते. महावितरणने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कामे चार कंपन्यांना दिली. पुणे आणि बारामती परिमंडलांचे काम अदानी समूहाकडे गेले.

एका मीटरमागे देखभालीसह खर्च सुमारे १२ हजार रुपये येतो. त्यात केंद्राची मदत मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. मीटर बसवताना ग्राहकाकडून पैसे घेतले जात नाहीत, हे खरे. पण हिशेब करून पाहा: उरलेले सुमारे ११ हजार रुपये गुणिले सव्वादोन कोटी, म्हणजे जवळपास २५ हजार कोटी रुपये. ही रक्कम कंपन्यांना काही वर्षांत हप्त्याने द्यायची आहे. गळती कमी होऊन आणि वसुली वाढून हा पैसा सुटेल, असे वितरण कंपनीचे गणित आहे. तो तसा सुटला नाही तर बोजा वीजदरात येईल, असा वीज ग्राहक संघटनांचा आक्षेप आहे.

हा आक्षेप गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर दारात आलेल्या कंत्राटी कामगाराकडे नसते. ते दरनिश्चितीच्या सुनावणीत आयोगापुढे मिळते, आणि तिथे कोणताही ग्राहक लेखी हरकत नोंदवू शकतो. आपल्या गावांतून अशा हरकती फार कमी जातात.

प्रीपेड की पोस्टपेड?

विरोधाचे मूळ कारण प्रीपेड पद्धत हे होते, आणि शेतकरी कुटुंबासाठी ते कारण खरे आहे. भाताचे पैसे वर्षातून एकदा, दिवाळीच्या पुढेमागे येतात. दुधाचे पगार दहा-पंधरा दिवसांनी होतात. अशा घराला आधी पैसे भरून वीज घेणे आणि शिल्लक संपताच पुरवठा बंद होणे परवडत नाही.

राज्यभर विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर ‘टीओडी मीटर’ या नावाने पोस्टपेड मीटर बसवणे सुरू झाले. म्हणजे आधी वापर, मग बिल, ही जुनीच रीत. मात्र यंत्र तेच आहे, आणि ते दूरवरून प्रीपेड करता येते. म्हणून ‘आता पोस्टपेड आहे’ एवढ्यावर समाधान न मानता, मीटर बदलताना मिळणाऱ्या कागदावर पद्धत ‘पोस्टपेड’ अशी लिहून घ्यावी.

पोस्टपेड ग्राहकाला कायद्याचे संरक्षण आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोडणी खांबावर चढून होवो की कार्यालयातून बटण दाबून, नोटिशीचा नियम बदलत नाही. पण अशी नोटीस मोबाइलवर येण्याची शक्यता धरून चालावे. आपल्याकडे अनेक मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि नोंदवलेला मोबाइल नंबर पुण्याला राहणाऱ्या पुतण्याचा असतो. मीटर बदलण्याआधी नाव आणि नंबर दुरुस्त करून घ्यावेत.

बिल का वाढते? चार कारणे

नवा मीटर लागला आणि बिल वाढले, ही तक्रार खोटी नाही. पण दरवेळी मीटर ‘पळतो’ हेच कारण नसते. स्मार्ट मीटरला आयएस १६४४४ हे मानक लागू आहे आणि त्याच्या अचूकतेची मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे १०० युनिटमागे एखाद्या युनिटचा फरक. बिल दीडपट-दुप्पट झाले असेल, तर मीटर बिघडलेला आहे किंवा खालीलपैकी काहीतरी घडले आहे.

१) जुना सरासरीचा हिशेब. वाडीवर रीडिंग घेणारा पोचला नाही की सरासरी बिल येते. समजा, पाच महिने ६० युनिटचे सरासरी बिल आले आणि खरा वापर महिना ९५ युनिट होता. मीटर बदलताना शेवटचे रीडिंग निघाले की सहा महिन्यांच्या ५७० युनिटांपैकी उरलेले २७० युनिट एकदम बिलात येतात. हे सगळे एका महिन्याचा वापर धरले, तर १०० युनिट पहिल्या टप्प्यात आणि १७० युनिट महागड्या १०१ ते ३०० च्या टप्प्यात जातात. प्रत्यक्षात तुमचा कोणत्याही महिन्याचा वापर १०० च्या वर गेलेलाच नाही. अशा वेळी युनिट त्या त्या महिन्यांत विभागून आकारले पाहिजेत. ‘स्लॅबचा लाभ देऊन बिल दुरुस्त करावे’ असा अर्ज द्यावा. बिलाचा काळ ३० दिवसांपेक्षा जास्त असेल, तरीही हाच मुद्दा लागू होतो.

२) बारीक वापराची मोजणी. जुन्या चकतीच्या मीटरमध्ये चार-पाच वॅटच्या वापराला चकती फिरत नसे. नव्या मीटरमध्ये तोही मोजला जातो. १० वॅटचा सेट-टॉप बॉक्स दिवसरात्र चालू राहिला, तर महिन्याला सुमारे ७ युनिट होतात. गोठ्यातला ९ वॅटचा दिवा बारा तास जळला, तर सव्वातीन युनिट. अशा पाच-सहा वस्तू मिळून महिन्याचे २०-२५ युनिट सहज होतात.

३) सामाईक न्यूट्रल. वाटणी झालेल्या घरांत हे नेहमी आढळते. दोन भावांचे मीटर वेगळे, पण जुनी वायरिंग एक, आणि न्यूट्रलची तार दोघांत सामाईक. आजचे सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतील प्रवाह पाहतात आणि जो जास्त असेल त्यावर मोजणी करतात. चोरी रोखण्यासाठी ही रचना आहे. पण भावाचा वापर तुमच्या न्यूट्रलमधून परतत असेल, तर तो तुमच्या नावावर चढतो. तुमचा आधीचा मीटर चकतीचा असेल, तर हा दोष नव्या मीटरवर पहिल्यांदाच दिसेल.

४) गळती. पावसाळ्यात गोठ्याच्या ओल्या भिंतीतील, पत्र्यावरून ओढलेली, उंदरांनी कुरतडलेली वायर प्रवाह जमिनीत सोडते. यात बिल वाढते हे कमी महत्त्वाचे. जनावराला आणि माणसाला शॉक लागतो हे जास्त महत्त्वाचे. अशी शंका असेल तर बिलाची वाट न पाहता वायरमन बोलवावा आणि गळती होताच प्रवाह तोडणारे सुरक्षा यंत्र गोठ्याच्या लाइनवर बसवून घ्यावे.

घरच्या घरी करायच्या दोन तपासण्या

मीटरचे सील, पेटी किंवा वायर यांना हात लावू नये. खालील तपासण्या फक्त पाहून करायच्या आहेत.

*गळतीची तपासणी:* मीटरनंतरचा मुख्य स्विच बंद करा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायला नको. तरीही लुकलुकत असेल, तर मीटरची तक्रार करावी. आता मुख्य स्विच चालू करा, पण घरातील सर्व उपकरणे आणि चार्जर काढून ठेवा. दिवा आता लुकलुकू लागला, तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा दुसऱ्याचा वापर मिसळला आहे.

*मोजणीची तपासणी:* इतर सर्व बंद ठेवून १००० वॅटची पाणी तापवायची रॉड पाण्याने भरलेल्या बादलीत अर्धा तास चालवा. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नये. साधारण अर्धा युनिट पडायला हवा. मीटरवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर अर्ध्या तासात सुमारे १६०० वेळा, म्हणजे मिनिटाला ५३ वेळा लुकलुकेल. एक काळजी घ्यावी. आपल्याकडे व्होल्टेज अनेकदा २०० च्या आसपास असते. तेव्हा ही रॉड ७५० वॅटच घेते आणि अर्ध्या तासात ०.३८ युनिट पडतो. म्हणून कमी युनिट दिसले तरी मीटर चुकीचा ठरत नाही. अर्ध्या युनिटपेक्षा बरेच जास्त दिसले, तर मात्र तक्रार करावी.

दिवसाच्या सवलतीचा खरा फायदा किती?

स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली. २०२९-३० पर्यंत ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत नेण्याचे ठरले आहे.

दोन अश्वशक्तीची कडबाकुट्टी दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेते. रोज अर्धा तास चालवली तर महिन्याला सुमारे २२ युनिट. ती संध्याकाळी सातऐवजी चारला चालवली, तर महिन्याला १७-१८ रुपये वाचतात. टाकीत पाणी चढवणे, घरघंटी, कपडे धुणे हेही दिवसा केले आणि एकूण ४० युनिट दिवसा गेले, तर ३२ रुपये. फायदा आहे, पण लहान आहे. लावणी-काढणीच्या दिवसांत सगळे घर रानात असते, तेव्हा तोही मिळणार नाही. त्यामुळे या सवलतीकडे पाहून मीटरबद्दलचे मत ठरवू नये. सवलत मिळते का, हे बिलावरील दिवसाच्या युनिटांच्या रकान्यात दर महिन्याला पाहावे.

दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत शेती वगळता इतर ग्राहकांना सौरवेळेत वीज किमान २० टक्के स्वस्त आणि जास्त मागणीच्या वेळेत महाग, असे दोन्ही भाग आहेत. संध्याकाळी दूध काढणे, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास एकाच वेळी असतो. ती वेळ घरगुती ग्राहकाला महाग करण्याचा प्रस्ताव पुढे कधी आला, तर त्यावर ग्रामीण भागातून हरकत जायला हवी.

घरच्या मीटरवर जोडधंदा

स्मार्ट मीटर साधारण १५ ते ३० मिनिटांच्या टप्प्याने वापराची नोंद ठेवतो. त्यामुळे कोणत्या वेळी किती भार होता, हे कार्यालयात दिसते. यावरून दोन भीती आहेत.

पहिली, मंजूर भाराची. मीटरने जास्त भार दाखवला तरी तो बसवण्याआधीच्या काळासाठी दंड आकारता येत नाही, हे २०२३ च्या नियमांत स्पष्ट आहे. पुढे मंजूर भार वाढवायचा असेल, तर आर्थिक वर्षात किमान तीन वेळा तो ओलांडलेला असावा लागतो.

दुसरी, व्यावसायिक वापराची. घराच्या एका भागात शिलाई, घरघंटी, छोटे दुकान असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागील वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. याच्या वर गेलात, किंवा महामार्गावर वेगळा गाळा, हॉटेल असेल, तर वेगळी जोडणी घ्यावी. कुक्कुटपालन, हरितगृह, अळिंबी उत्पादन यांसाठी ‘कृषी-इतर’ हा वेगळा वर्ग आहे. घरच्या मीटरवरून शेड चालवण्यापेक्षा त्या वर्गात अर्ज करावा. वरच्या टप्प्यातील घरगुती दरापेक्षा तो सहसा किफायतशीर पडतो.

वापराच्या नोंदीवरून घर कधी रिकामे असते, हेही कळू शकते. याच कारणाने २००९ मध्ये नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने सक्तीच्या स्मार्ट मीटरचा कायदा अडवला होता. आपल्याकडे ही माहिती कोणाला दिली जाते, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

मीटर बदलताना

- येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे. घरात जाणते माणूस असतानाच काम करू द्यावे.
- जुन्या मीटरचा क्रमांक, सील आणि शेवटचे रीडिंग यांचा फोटो काढावा. नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचे रीडिंग यांचाही फोटो घ्यावा.
- मीटर बदलीच्या अहवालावर दोन्ही रीडिंग लिहिलेली असतील तरच सही करावी आणि प्रत घ्यावी.
- मीटर बसवण्यासाठी कोणालाही रोख पैसे देऊ नयेत.
- पहिले तीन महिने दर रविवारी रीडिंग वहीत लिहावे. दुधाच्या वहीचे मागचे पान पुरते.
- मीटर नको असेल, तर तोंडी वाद न घालता उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. बसवायला आलेल्या कामगाराशी हुज्जत घालून काही साधत नाही.

शंका असेल तर मागायचा हक्क

फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार, मीटरच्या मोजणीबद्दल तक्रार केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची आहे. मे २०२४ मध्ये बडोद्यात स्मार्ट मीटरविरोधात लोक रस्त्यावर आले, तेव्हाही शंकानिरसनासाठी शेजारी जुन्या पद्धतीचे मीटर लावण्याचाच मार्ग पुढे आला. तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते, पण लेखी अर्ज आणि त्याची पोच जास्त उपयोगी पडते. तिथे न्याय मिळाला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जावे लागते. मंचाचा निकाल मान्य नसेल, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. या दोन्ही ठिकाणी वकील लागत नाही.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात मीटर बदलण्याचे काम येणार असे कळले, तर ग्रामसभेत शाखा अभियंत्यांना बोलावून चार गोष्टी इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात: पद्धत पोस्टपेड राहील का, सरासरी बिलांची थकलेली दुरुस्ती मीटर बदलण्याआधी होईल का, रेंज नसलेल्या वस्त्यांचे काय, आणि गावातील काही घरांत पडताळणी मीटर बसवून त्यांची आकडेवारी फलकावर लावली जाईल का. यातील शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याच गावातील दहा घरांचे तीन महिन्यांचे आकडे लोकांना कोणत्याही जाहिरातीपेक्षा किंवा अफवेपेक्षा जास्त पटतात. बियाण्याची उगवण आपण गोणपाटावर शंभर दाणे ठेवून तपासतो आणि मगच पेरतो. मीटरच्या बाबतीतही गावाने तेवढा आग्रह धरावा.